चौदा खोडी

शशीआबा माने बायकोच्या मागून विलायतेला आले. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात, आणि सांगताना छाती अशी पुढे काढतात की ऐकणाऱ्याला वाटावं, बायकोच्या मागून यायलासुद्धा एखादी परीक्षा पास व्हावी लागत असेल. सुमेधाताई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या नर्स. शहात्तर साली लीड्सहून त्यांना नोकरीचं बोलावणं आलं, आणि लग्नाला वर्षही न झालेले, गावच्या शाळेत सातवी पास झालेले शशिधरराव त्यांच्या ट्रंका उचलून पाठोपाठ निघाले.

"नवरी सासरी जाती तसा गेलो मी," आबा सांगतात. "फकस्त रडलो जास्त."

"रडला नव्हतात," सुमेधाताई स्वयंपाकघरातून म्हणतात. "विमानात लोणी दिलं, ते साबण समजून हाताला चोळलंत. खरं ते सांगावं माणसानं."

आबांच्या प्रत्येक गोष्टीला सुमेधाताईंची एक दुरुस्ती असते. पन्नास वर्षं झाली, गोष्टी वाढल्या तशा दुरुस्त्याही वाढल्या. आबांनी लीड्समध्ये एकोणतीस वर्षं बस चालवली. एकाच रस्त्यावर, घड्याळाला धरून. पेन्शनीत गेले तेव्हा स्टॉपवरच्या म्हाताऱ्यांनी केक आणला होता. आबा म्हणतात, केकवर बस काढली होती. सुमेधाताई म्हणतात, बस नव्हती, शवपेटीसारखं काहीतरी होतं, चाकं होती म्हणून बस म्हणायचं.

तर अशा या शशीआबांची नात तनिषा. मुलगा राजीव याची एकुलती एक. ती आइस हॉकीत गोली झाली, म्हणजे गोल अडवणारी, ते आबांच्या एका चुकीमुळे, आणि ती चूक आबांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

तनिषा तेव्हा सात वर्षांची. शाळेतून चिठ्ठी आली: शनिवारी आइस रिंकवर हॉकी शिकवणार आहेत, स्टिक असल्यास आणावी. राजीव कामासाठी ब्रिस्टलला गेलेला, त्यामुळे जबाबदारी आबांवर. हॉकी आबांना माहीत होती. गावच्या शाळेत पीटीच्या मास्तरांकडे एक स्टिक होती. त्या स्टिकने कुणाला खेळताना पाहिलं नव्हतं, पण तिचा मार निम्म्या वर्गाला माहीत होता. आबा चॅरिटी शॉपमध्ये गेले आणि तशीच, टोकाला वाकडी, आखूड, लाकडी स्टिक दीड पौंडाला घेऊन आले. बर्फावर पोचले तर बाकीच्या पोरांच्या हातात लांबलचक, चपट्या पात्याच्या काठ्या. शिकवणाऱ्या बाईंनी ती मैदानी स्टिक उलटसुलट करून पाहिली, हसू दाबलं, आणि तनिषाला म्हणाल्या, "बाळ, याने पक ढकलता नाही यायचा. पण अडवता येईल. जा, गोलमध्ये उभी राहा."

पक म्हणजे रबराची काळी चकती. त्या दिवशी तनिषाने अशा अकरा चकत्या अडवल्या. आबा म्हणतात अकरा. सुमेधाताई तिथे नव्हत्या, म्हणून हा आकडा अजून अकराच आहे.

पोरगी वाढली, फिजिओथेरपीची डिग्री घेतली, आणि दोन वर्षांपूर्वी बायकांच्या आइस हॉकीची पगारी लीग सुरू झाली तेव्हा लीड्सजवळच्या 'एअर व्हॅली हेरन्स' या क्लबाने तिच्याशी करार केला. हेरन म्हणजे बगळा. आबांनी क्लबाचं नाव एकदाच इंग्रजीत घेतलं, नंतर कायम "आपले बगळे". दर शनिवारी दुपारी गोलमागच्या तिसऱ्या रांगेत, मफलर, कानटोपी, चहाचा थर्मास घेऊन आबा हजर. जूनमध्येसुद्धा रिंकवर जाताना कानटोपी घालणारा लीड्समधला हा एकच माणूस असावा.

मे महिन्यात एका रविवारी तनिषा जेवायला आली ती तोंड पाडून.

"माझी कॉन्ट्रॅक्ट संपला, आबा."

"संपला की संपली?" सुमेधाताईंनी आमटी वाढता वाढता विचारलं.

"आजी, प्लीज! दोन्ही. इट्स ओव्हर. आता मी रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट आहे."

तनिषाचं मराठी असं आहे. शब्द सगळे येतात, पण कोण नर, कोण मादी याची तिला फारशी फिकीर नाही, आणि आजी-आजोबांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ती 'तू' म्हणते.

"फ्री म्हंजे मोकळी झालीस?" आबांनी विचारलं.

"हो. म्हणजे नाही. ऐक ना. कुठला पण टीम मला ऑफर देऊ शकतो. पण मी चोवीसच्या खाली आहे ना, तर हेरन्सला सेव्हन डेज मिळतो. ते म्हणाले की आम्ही पण तेवढंच देतो, तर मला हेरन्सकडेच राहायचं. आय कान्ट से नो."

"मग यात फ्री काय हाय?"

"एक्झॅक्टली!"

आबांनी घास हातातच ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर गोष्ट सुचल्याचा उजेड पडला. घरात तो सगळ्यांना ओळखू येतो, आणि सुमेधाताई तो दिसला की ताटावर झाकण ठेवतात. "आमच्याकडं माळावर बैल चरायला सोडायचे तवा लांब दावं बांधायचे. चांगलं वीस हात. बैलाला वाटायचं, मोकळाच हाय आपण. चरत चरत लांब गेला, दावं ताणलं, की मग कळायचं त्याला. तू लांब दाव्याची हायस बग."

तनिषाला हसू आलं. तेव्हापासून घरात 'रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट' हा शब्द कुणी उच्चारला नाही. राजीवसुद्धा फोनवर विचारायचा, "लांब दाव्याचं काय झालं?"

काही होत नव्हतं, हीच अडचण. ब्रिस्टलच्या क्लबाचा एक फोन आला, मग तोही बंद झाला. हेरन्स बरोबरी करणारच, मग आम्ही कशाला कागद रंगवायचे, असा त्यांचा हिशेब. आणि हेरन्सने पुढे केला तो फक्त एका वर्षाचा करार. तनिषाला हवी होती दोन वर्षं, आणि गोलीला शिकवणारा एक वेगळा कोच. क्लबात तसा कोच नव्हता. ती बिचारी फोनवर व्हिडिओ बघून आपलं आपण शिकायची. पत्रं गेली, पत्रं आली. शेवटी लीगच्या नियमाप्रमाणे भांडण पंचाकडे गेलं. जूनमधला मंगळवार, मँचेस्टर, सकाळी अकरा.

इकडे ब्रिस्टलच्याच एका हॉस्पिटलात तनिषाला फिजिओची कायमची जागा मिळत होती. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

"त्यांना मी नको असेन ना, आबा," ती दारातून निघताना म्हणाली, "तर मला पण ते नको. स्केट्स ठेवणार आणि हॉस्पिटलला जाणार. फिनिश."

त्या दिवशी आबांनी थर्मास घासायला घेतला तो चांगला अर्धा तास घासत बसले.

मंगळवारी राजीवला सुट्टी मिळेना. घरचं एक माणूस सोबत बसू शकतं, फक्त बोलायचं नाही, असा नियम. सुमेधाताई म्हणाल्या, "मी जाते. हे गप्प बसतील होय?" पण त्यांच्या गुडघ्याला जिने नको होते, म्हणून आबाच गेले. डब्यात चार धपाटी, दह्याची बाटली, गळ्यात बगळ्यांचा मफलर. मँचेस्टरला ऊन पडलं होतं, म्हणजे छत्री पिशवीत ठेवता येईल इतपत.

वकिलाच्या ऑफिसातली खोली. टेबलाच्या टोकाला पंच, पांढऱ्या केसांच्या एक निवृत्त जजबाई. एका बाजूला तनिषा आणि खेळाडूंच्या युनियनची गेल नावाची चुणचुणीत बाई. दुसऱ्या बाजूला हेरन्सचे मॅनेजर मिस्टर मेटकाफ. साठीचा माणूस, गाल बिटासारखे लाल, कोट आखूड आणि हात फावड्यासारखे. आबांनी भिंतीजवळच्या खुर्चीवरून ते हात बघितले आणि मनाशी म्हणाले, हा काही ऑफिसात वाढलेला माणूस न्हाई.

आधी गेल बोलली. तनिषाने किती अडवले, किती सामने एकही गोल न खाता काढले, सगळं छान छान. मग मेटकाफनी चष्मा लावला, फाइल उघडली, आणि खालच्या मानेने वाचायला लागले.

"एक. डाव्या बाजूला खाली बसायला वेळ लावते. चौदा ऑक्टोबर, दुसरा भाग, सहावं मिनिट. दोन. पक हातमोज्यात येतो पण राहत नाही, पुढे सांडतो. चार नोव्हेंबर, दोनदा. तीन. गोल खाल्ला की प्रेक्षकांकडे बघते."

तनिषाची मान ताठ झाली. आणि भिंतीजवळ बसलेले आबा खुर्चीत पुढे सरकले.

"चार" झालं, "पाच" झालं. आबांच्या मिशा हलायला लागल्या. "सहा"ला ते मान डोलवू लागले. प्रत्येक खोडीला तारीख होती, मिनिट होतं. "आठ. थकली की काठी हलकी धरते." आबांचा चेहरा असा फुलला, जणू कुणी नातीची आरती ओवाळत होतं.

"नऊ," मेटकाफ म्हणाले, आणि जरा घुटमळले. "शेवटच्या भागात ही गोलच्या खांबाशी बोलते. परक्या भाषेत. बचावाच्या खेळाडूंना वाटतं, आपल्यालाच काही सांगतेय. सतरा फेब्रुवारीला दोघी जणी गोंधळून एकमेकींवर आपटल्या."

इथे मात्र आबा मोठ्याने हसले. एकदम, खळखळून. जजबाईंनी चष्म्यावरून बघितलं. गेलने बघितलं. तनिषाने मान वळवून बघितलं, आणि तिने जे बघितलं ते असं होतं, की परक्यांपुढे आपली साल सोलली जात होती, आणि आपला आबा तोंडभर हसत होता.

खोडी चौदापर्यंत गेल्या. जजबाई म्हणाल्या, निकाल शुक्रवारी. पण तो लागेपर्यंत दोघांनी आपसांत काही ठरवलं तर माझी हरकत नाही. मी फक्त पगार आणि वर्षं सांगू शकते, बाकीचं तुमचं तुम्ही. गेलला दुसरी सुनावणी होती, ती पळाली. मेटकाफ फाइल बगलेत मारून निघून गेले. तनिषा जिना दोन-दोन पायऱ्या उतरत खाली, तिच्या मागे आबा एक-एक पायरी धरत.

गोल घुमटाच्या लायब्ररीसमोर, ट्रामच्या स्टॉपजवळ एक बाक होता. तिथे ती थांबली.

"तू हसत होता!"

"आगं..."

"ही सेड आय वॉज रबिश! फोर्टीन टाइम्स! आणि तू हसत होता! त्याच्या साइडला होता तू!"

"बस आधी. धपाटं खा."

"मला नको धपाटा."

"धपाटं," आबा म्हणाले. "ते धपाटं."

"आबा!!"

दोन ट्राम आल्या आणि गेल्या. आबांनी डबा उघडून बाकावर ठेवला. वास काही भांडण ओळखत नाही. तिसऱ्या ट्रामला तनिषाने एक तुकडा मोडला, दुसरीकडे बघत.

"मी हसलो," आबा म्हणाले, "कारण तो मानूस तुझ्या खोडी काढत होता."

"खोड म्हणजे काय? खोडरबर?"

"न्हाई गं बाय. खोड म्हंजे वैगुण्य. बैलात असतं तसं. माझा बाप खरसुंडीच्या जत्रंत बैलांचा दलाल होता, ठाव हाय ना तुला?"

"हो. रुमालाच्या खाली बोट पकडायचा."

"बरोबर. भाव बोटांनीच ठरायचा, तोंडानं न्हाई. मी तवा तुझ्या गुडघ्याएवढा असंन. आमच्या घरचा एक खिलार खोंड जत्रंत इकायला काढला होता. खंड्या त्याचं नाव. पांढराधोट, शिंगं अशी, तलवारीवानी. पयल्या दिशी पन्नास लोक बघून गेली. 'वा, काय जनावर हाय! देखणं हाय!' म्हणायची, पाठीवर थाप मारायची, आन पुढं भज्यांच्या दुकानाकडं. मी आपला फुगून बसलेला. आन एक जतकडचा म्हातारा आला. काळा, किडकिडीत. त्यानं खंड्याचं तोंड उघडून दात बघितलं. खूर उचलून बघितलं. म्हणाला, मागच्या पायात बाक हाय. कपाळावरचा भोवरा वाकडा हाय. छत्री उघडली की बुजतोय. त्यानं छत्री घेऊन, उघडून बघितली बग, हिवाळ्यात! दुसऱ्या दिशी परत आला, परत चार खोडी. मला रडू फुटलं. बापाला म्हटलं, ह्या मानसाला हाकला. तर बाप हसत हुता. आज मी हसलो तसाच."

तनिषा आता त्यांच्याकडे बघत होती. "का?"

"बाप म्हणाला, ज्याला न्यायचा नसतो ना, तो वा वा करतो आन भजी खायला जातो. ज्याला न्यायचा असतो, तोच खोड काढतो. छत्री कोण घेऊन येईल पोरी, फुकट?"

"मग?"

"मग तिसऱ्या दिशी त्यो म्हाताराच घेऊन गेला खंड्याला. निघताना सोताची घोंगडी त्याच्या पाठीवर टाकली. गार हुतं म्हणून."

तनिषाने उरलेलं धपाटं संपवलं. बोटं पुसली. मग पिशवीतून मेटकाफनी वाचलेली ती यादी काढली. गेलने तिला एक प्रत दिली होती. आबांनी खिशातून चष्मा काढला.

"हे बग. चौदा आक्टोबर, सावं मिनिट. हिथं चार नोव्हेंबर. हिथं सतरा फेब्रुवारी. किती मॅची खेळलीस दोन वर्सात?"

"फिफ्टी टू."

"ह्या बाबानं बावन्नच्या बावन्न बघितल्यात. एकदा न्हाई, दोनदा. तुझा खांबाशी बोलायचा आवाज माझ्या तिसऱ्या रांगंत येत न्हाई, त्याला आला कुठनं? सासूसुद्धा सुनंकडं एवढं ध्यान देत न्हाई."

"पण मग वन इयर का दिला? मी पाहिजे, असं म्हणाला असता ना!"

"बाजारात पयला आकडा खरा कोण सांगतं?"

तनिषाने यादीची घडी घातली. मग म्हणाली, "पण आबा, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. खरंच पाहिजे का नको, ते मला कसं कळणार?"

"त्याला पण तोडगा हाय बापाचा," आबा म्हणाले, आणि मिशीवरचं दही पुसून सरसावून बसले. "गिऱ्हाइकानं लई खोडी काढल्या, की चिडायचं न्हाई. हसून म्हणायचं, 'मग दुसरा बघा की, पावणं!' गेला, तर त्याला नको हुता. उभा राहिला, तर तो तुझाच."

तनिषाने गेलला फोन लावला. गेल म्हणाली, मेटकाफ व्हिक्टोरिया स्टेशनवरून लीड्सची गाडी धरणार आहेत, बोलायला काही हरकत नाही, पण मी बघितल्याशिवाय कशावर सही केलीस तर याद राख. मग दोघं ट्राममध्ये बसली. व्हिक्टोरिया स्टेशनपर्यंत तनिषा ओठातल्या ओठात म्हणत होती, मग दुसरी बघा की, मग दुसरी बघा की.

मेटकाफ लीड्सच्या गाडीसाठी प्लॅटफॉर्मवर उभे होते, हातात कागदी कपातला चहा, बगलेत फाइल. त्यांनी आधी तनिषाला पाहिलं, मग आबांचा मफलर पाहिला, आणि ते आणखी लाल झाले. मेटकाफ यॉर्कशायरच्या डोंगराकडचे. आबा म्हणतात, त्यांचं इंग्रजी हे आपल्या मराठीसारखं, गावाकडचं. त्यामुळे मला सगळं समजतं, राजीवला मात्र दोनदा विचारावं लागतं. म्हणून त्यांचं बोलणं आबा जसं सांगतात तसंच इथे दिलं आहे.

तनिषा त्यांच्यासमोर गेली. तोंड उघडलं आणि पाठ केलेलं तेच बाहेर पडलं. "मग दुसरी बघा की, पावणं!"

मेटकाफनी भुवया उंचावल्या. "गोलच्या खांबाला ह्येच म्हणतीस व्हय?"

"नो," तनिषा म्हणाली. "खांबाशी मी प्रेमाने बोलते." आणि मग तिने इंग्रजीत सांगितलं. माझ्यात चौदा दोष आहेत, मान्य. मग तुम्ही दुसरी गोली शोधा. माझ्यावरचा हक्क सोडलाय एवढं लिहून द्या, मी आज मोकळी, तुम्हीही मोकळे.

तेवढ्यात लीड्सची गाडी आली. दारं उघडली. माणसं उतरली, माणसं चढली. मेटकाफ दारापासून दोन पावलांवर उभे होते, आणि त्यांनी पाऊल उचललं नाही. शिट्टी झाली. आबा दारांकडे बघत होते आणि तनिषा मेटकाफच्या बुटांकडे. दारं मिटली, गाडी हलली, निघून गेली. बूट तिथेच होते.

आबांनी नातीच्या पाठीत हळूच कोपर मारलं.

"दुसरी बगायची असती," मेटकाफ शेवटी म्हणाले, "तर बावन्न मॅची कोण बघत बसलं असतं? बायकू म्हणती, तू त्या पोरीला जेवढं बघतोस तेवढं मला लगीन ठरवताना बघितलं न्हाईस." मग ते बाकावर बसले, कप खाली ठेवला. "मी वाईट वाचलं. वकिलानं सांगितलं, असंच वाचायचं असतं. दोन वर्सं देतो. द्यायचीच हुती."

तनिषाने ती यादी उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. आबांनी हे तिला शिकवलं नव्हतं. बैलाच्या बाजारात हे कधी घडलं नव्हतं, कारण बैलाला वाचता येत नाही.

"ही यादी चांगली आहे," ती म्हणाली. "मला दोन वर्षांत कुणी इतकं नीट सांगितलं नाही. पण डाव्या बाजूला मी हळू बसते, हे तुम्हाला ऑक्टोबरात दिसलं, तर मला जूनमध्ये का सांगता? मला गोलीचा कोच द्या. ही यादी कराराला जोडा, आणि लिहा की क्लब या खोडी काढायला मदत करेल."

'खोडी' हा शब्द तिने मराठीतच वापरला. मेटकाफनी विचारलं, खोडी म्हंजे? तिने सांगितलं. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला, 'कोडी, कोडी', आणि मान हलवली. त्यांच्या ओळखीत एक जुनी गोली होती, आठवड्याला दोन दिवस येऊ शकेल. मालकांशी बोलतो, पण होईल. नवव्या नंबरची खोड मात्र तशीच राहू द्या, तनिषा म्हणाली, मी बचावाच्या पोरींना चार मराठी शब्द शिकवते.

मग मेटकाफनी आपला फावड्यासारखा हात पुढे केला. तनिषाला वाटलं, आता शेकहँड. पण तो हात आबांकडे होता, तळवा वर करून.

"आमच्याकडं मेंढ्यांच्या बाजारात रीत हाय," ते म्हणाले. "सौदा ठरला की इकणाऱ्यानं घेणाऱ्याला काहीतरी परत द्यायचं, नशिबासाठी. माझा बाप एक नाणं घ्यायचा. तुम्ही तर इकणारे दिसताय."

आबांनी त्या माणसाकडे असं पाहिलं, जसं खरसुंडीच्या जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा. त्यांनी मफलर काढला, मेटकाफच्या हातावर टाकला, त्याखाली आपला हात घातला, आणि बापाच्या पद्धतीने बोटं दाबली. मेटकाफना त्यातलं काही कळलं नसावं, पण त्यांनीही उलट दाबली. शेजारची एक बाई मुलाचा हात धरून जरा दूर जाऊन उभी राहिली.

नाणं आबांनी दिलं नाही. डब्यात शेवटचं धपाटं होतं, ते दिलं.

पुढच्या गाडीने तिघं लीड्सला आली. मेटकाफनी ते धपाटं हडर्सफील्डपर्यंत पुरवून पुरवून खाल्लं, मधेमधे डोळे पुसत. त्यात एक मिरची जास्त पडली होती. दोघांनी वाटेत बैल आणि मेंढ्या सोडून दुसरं काही बोलणं काढलं नाही, आणि तनिषा खिडकीला डोकं लावून झोपून गेली. करारावर गुरुवारी सह्या झाल्या. जजबाईंना निकाल द्यावा लागला नाही, आणि ब्रिस्टलच्या हॉस्पिटलला तनिषाने आभाराचं पत्र पाठवलं.

पण ती झाली गुरुवारची गोष्ट. मंगळवारी संध्याकाळी आबा घरी पोचले, बूट काढायच्या आधी सगळी हकीकत सुरू केली, प्लॅटफॉर्मवर आले, गाडीची दारं मिटवली, मफलर टाकला. सुमेधाताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान," त्या म्हणाल्या. "आणि डबा कुठे आहे?"

आबांनी पिशवी चाचपली. डबा गाडीत राहिला होता.

"वाटलंच. दह्याची बाटली आणलीत, तिला झाकण नाही. मफलरला दही लागलंय. शर्टाचं बटण खालीवर लावलंय, तसेच त्या जजबाईंसमोर बसलात दिवसभर. आणि ती खंड्याची गोष्ट. मागच्या वेळी त्या म्हाताऱ्याने घोंगडी नाही, उपरणं टाकलं होतं."

आबा दारात उभे होते, एक बूट पायात, एक हातात. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तोच सकाळचा, नवव्या खोडीचा आनंद पसरायला लागला.

"हसायला काय झालं?" सुमेधाताईंनी विचारलं.

"पन्नास वर्सं खोडी काढतीयास," आबा म्हणाले. "मग दुसरा बघायचा की, पावणं!"

सुमेधाताईंनी त्यांच्या हातातला बूट घेतला, जागेवर ठेवला, आणि आमटी गरम करायला वळल्या.

"बघणार होते," त्या म्हणाल्या. "ड्यूटीतून वेळ नाही मिळाला."